खालच्या पानाची वर्दी

निपाणीच्या अलीकडं हायवे सोडून आत वळलं की एक तंबाखू संशोधन केंद्र लागतं. त्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तिथली माणसं हे वाचतील, आणि वाचायची सवय नसलेल्यांना एकदम असा ताण देणं बरं नव्हे. तिथं फुलांच्या दोन बागा आहेत, एक बंद पडलेलं कारंजं आहे, उद्घाटनाच्या सात कोनशिला आहेत, आणि सगळ्यात मागं, खताच्या खड्ड्याला लागून, एक शेडनेट आहे. संशोधन म्हणून जे काय व्हायचं ते त्या शेडनेटमध्ये. खताला आणि संशोधनाला जागा एकच दिलेली, यावरून काय ते ओळखा.

त्या शेडनेटमध्ये डॉ. सुविधा कांबळे काम करायची. वय चौतीस, पीएच.डी. झालेली, आणि नेमणूक अकरा महिन्यांची. अकरा महिने भरले की एक दिवस घरी बसायचं आणि परत अकरा महिने यायचं, म्हणजे 'मला कायम करा' म्हणायला तोंड राहत नाही. असा पाचवा फेरा चालू होता. सहावा मिळायचा नाही, हे केंद्राचे प्रमुख डॉ. हलगेकर यांनी तिला हसत हसत सांगून टाकलं होतं.

"एकतीस मार्चपर्यंत तुमच्या त्या सतरा नंबरचं काय ते सिद्ध करा, मॅडम. नाहीतर शेडनेट मोकळं करा. तिथं शेवंती लावायचा विचार आहे. पाहुण्यांना बरं दिसतं."

सतरा नंबर म्हणजे तंबाखूचा एक वाण, सुविधानं पाच वर्षं खपून निवडलेला. त्याची चाळीस रोपं शेडनेटमध्ये उभी होती आणि बी होतं काडेपेटीभर. एवढंच. अख्ख्या जगात सतरा नंबर तेवढाच होता, आणि शेवंतीच्या वाटेत आला होता.

आता या सतरा नंबरात असं काय होतं, ते सांगतो. तंबाखूला एक विषाणू धरतो. पान पिवळंहिरवं चितकबरं होतं, आक्रसतं, रोप खुरटून जातं. साध्या रोपाला घरात कोण घुसलंय याचा पत्ताच लागत नाही. सतरा नंबरचं तसं नव्हतं. त्याच्या पेशीत एक प्रथिन राखणीला बसलेलं असतं. विषाणू आत शिरला की ते त्याला ओळखतं आणि शेजारच्या प्रथिनाच्या पाठीवर थाप मारतं. ते पुढच्याच्या, पुढचं त्याच्या पुढच्याच्या. कुणी म्हणत नाही अर्ज करा, कुणी म्हणत नाही साहेब जेवायला गेलेत. दोन-तीन दिवसांत घुसखोराभोवतीच्या पेशी आपणहून मरतात. पानावर तपकिरी ठिपका पडतो आणि विषाणू त्यातच कोंडला जातो. आणि ते खालचं पान, स्वतः डागाळलेलं, देठातून वर वर्दी धाडतं: आलेत, तयार राहा. वरच्या पानांत आणखी एक प्रथिन घोळका करून निवांत बसलेलं असतं. वर्दी पोचली की घोळका मोडतो आणि जो तो कामाला लागतो. केंद्रातल्या स्टाफमध्ये आणि त्या प्रथिनात फरक एवढाच, की प्रथिनाचा घोळका मोडतो.

ठिपके पडणाऱ्या दुसऱ्या वाणांतही अशी वर्दी जाते, पण कधी अर्ध्यात विझते, कधी उशिरा पोचते. सतरा नंबरची पार शेंड्यापर्यंत, भरपूर पोचते, असं सुविधाचं म्हणणं. म्हणणं होतं, पुरावा नव्हता. फेब्रुवारी लागला की ती मोजूनमापून विषाणू लावणार होती, आधी खालच्या पानाला, मग आठवड्यानं वरच्याला. तोवर एकाही रोपाला बाहेरचा विषाणू लागता कामा नये. लागला, की पाच वर्षं पाण्यात आणि वर शेवंती.

आणि इथंच निपाणी आडवी येत होती. हा विषाणू सुकलेल्या तंबाखूतसुद्धा वर्षानुवर्षं टिकतो. तंबाखू मळलेल्या हातानं रोपाला चोळलं की झालंच काम. आता निपाणीत न मळलेला हात आणायचा कुठनं? इथं माणूस भेटला की आधी चंची निघते, मग नमस्कार. तळहातावर तंबाखू, त्यावर बोटभर चुना, अंगठ्यानं दमानं मळायचं, दोन थापा मारून भुकटी उडवायची आणि चिमूट समोरच्यापुढं करायची. नको म्हणणारा एकतर आजारी असतो, नाहीतर बेळगावहून आलेला.

म्हणून सुविधानं नेम घातला होता. शेडनेटच्या दाराशी साबण, आणि साबणाशेजारी दुधाची बादली. हात धुवायचे, मग दुधात बुडवायचे, मगच आत. दुधानं तो विषाणू निकामी होतो, हे पुस्तकात आहे. पण केंद्रात पुस्तक उघडायची पद्धत नव्हती, त्यामुळं सगळे हसायचे. तंबाखूला दुधाची आंघोळ, आणि आम्हाला पाणचट चहा! मग चहावाला यल्लाप्पा अधूनमधून त्या बादलीतलं अर्धं दूध चहाला न्यायचा. विषाणू मेला की नाही देव जाणे, स्टाफ मात्र धट्टाकट्टा झाला.

नेम पाळायच्या त्या फक्त चौघी बाया, कामावर येणाऱ्या. त्यांची म्होरकी राजाबाई. ती स्वतः दातांना मिश्री लावणारी, पण शेडनेटात शिरताना कोपरापर्यंत हात घासायची, बाळंतिणीच्या खोलीत निघाल्यासारखी. राजाबाई आणि सुविधाची आई लक्ष्मीबाई दोघी एकेकाळी निपाणीतल्या एका वखारीत तंबाखू चाळायला होत्या. चारचौघांत ती सुविधाला 'म्याडम' म्हणायची आणि कुणी नसलं की 'पोरी'.

लक्ष्मीबाईला लेकीच्या कामाचं फारसं कौतुक नव्हतं. "माझ्या छातीची वाट लावली त्या तंबाखूनं," ती म्हणायची, "आन तू तिलाच औषध द्याया निघालीस व्हय?"

"आई, तंबाखूवर शिकायचं सोपं असतंय. आज हितं कळलं तर उद्या मिरचीला, टमाट्याला बी लागू पडंल. त्यास्नी बी ह्योच रोग धरतोय."

एकदा जेवता जेवता सुविधानं तिला खालच्या पानाची आणि वर्दीची सगळी गोष्ट सांगितली. लक्ष्मीबाईनं भाकरीचा तुकडा मोडला आणि विचारलं, "मग? ह्याला पाच वर्सं लागली तुला? आमी वखारीत रोज करत हुतो की."

"काय करत हुता?"

"मालकानं तान्ही पोरं आणायची न्हाईत म्हणून सांगिटलेलं. घरात कुणाजवळ टाकून येणार? बाया आणायच्याच. गोणपाटाखाली निजवायच्या. दाराजवळ बसणारीनं बाहीर ध्यान ठेवायचं. मुकादम दिसला की ती खोकायची. तिचं ऐकून मधली खोकायची, मधलीचं ऐकून पार कोपऱ्यातली. मुकादम आत येईस्तवर समदी पोरं गोणपाटाखाली गडप. तू बी त्यातलीच. शिंकायची सुदीक न्हाईस, येवढी श्यानी."

"आन दाराजवळ कोण बसायचं?"

"आदी राजा. मग मी, लई वर्सं. दारातल्या बाईचं मातर कंबख्तीचं. मुकादम तिच्यावरच डाफरायचा, खोकती म्हणून. दोनदा घालवलंय मला कामावरनं." तिनं ताटातली चटणी उगाच बोटानं सारखी केली. "पैली धा वर्सं खोटं खोकलो बग. मग खरं कवा झालं, कळ्ळंच न्हाई."

आणि ती खोकली. बराच वेळ खोकली. सुविधा उठून पाणी घेऊन आली.

तर जानेवारीच्या अठरा तारखेला बेंगळूरूहून मोठे साहेब येणार असा निरोप आला. केंद्राला पुढची तीन वर्षं प्रकल्प द्यायचा की नाही ते या साहेबांच्या हातात. डॉ. हलगेकरांच्या अंगात आलं. कोनशिला पुसल्या, दगडांना लालपांढरा रंग लागला, कारंजं तासभर चालू झालं. हलगेकर सरांचं एक मानलं पाहिजे. साहेब बेंगळूरूचे असले की त्यांचं कन्नड सुरू व्हायचं, दिल्लीचे असले की हिंदी, पुण्याचे असले की मराठी. काम मात्र तिन्ही भाषांत सारखंच बंद असायचं.

त्या दिवशी सुविधा सकाळी आली तर दुधाची बादली कोरडी. तिनं धावत जाऊन यल्लाप्पाला गाठलं.

"दूध कुठं गेलं?"

"च्यात गेलं की, म्याडम. सायबास्नी काय काळा च्या द्यायचा?"

"अरे, पर सगळं?"

"पन्नास माणूस हाय. सर म्हणाले, पानास्नी दूध नसलं तर पानं काय रडत न्हाईत."

ती कपाळावर हात मारून परत निघाली तेव्हा साहेब आले होते. व्हरांड्यात हार झाला, शाल झाली, आणि मग डॉ. हलगेकरांनी खिशातनं चांदीची डबी काढली. निपाणीचा पाहुणचार! खास राखून ठेवलेला जर्दा माल. सरांनी स्वतः मळला, दोन थापा मारल्या, आणि चिमूट साहेबांपुढं धरली. साहेब आधी नको नको म्हणाले, मग म्हणाले निपाणीला येऊन नको कसं म्हणायचं, आणि मग स्वतःच्याच तळहातावर आणखी थोडी घेऊन मळायलाही लागले. थापेसरशी भुकटी उडालेली सुविधानं लांबून बघितली आणि ती शेडनेटकडं पळाली.

शेडनेटच्या दाराशी ती साबण आणि पाण्याचा तांब्या घेऊन आडवी उभी राहिली.

"सर, आधी हात—"

"मॅडम!" हलगेकर सरांचा आवाज एकदम चढला आणि साहेब बघताहेत म्हणून तेवढाच उतरला. "साहेबांच्या हाताला काय झालंय? आँ? काय म्हणतील ते?" मग साहेबांकडं वळून कन्नडात, मॅडम नवीन आहेत, जरा समजून घ्या, वगैरे. पाच वर्षांची नवीन!

सुविधानं मग थेट साहेबांनाच कन्नडात सांगायला सुरुवात केली, "सर, कै तोळ्कोंडु—" हात धुवून, एवढंच तिच्या तोंडून बाहेर पडलं. बाकीचं हलगेकर सरांच्या मोठ्या हसण्यात बुडालं, आणि साहेब आत गेलेसुद्धा.

आत गेले ते थेट रोपांवर. साहेब मायाळू माणूस. पहिली ओळ तुलनेसाठी लावलेल्या साध्या वाणाची, तिच्यातलं प्रत्येक रोप त्यांनी कुरवाळलं. मग सतरा नंबरच्या ओळीकडं वळले. एकेक खालचं पान उचलायचं, त्यावर पंजा ठेवायचा, लेकराच्या गालावरनं फिरवावा तसा चोळायचा, आणि फोटोग्राफरकडं बघून हसायचं. "तुंबा चन्नागिदे, तुंबा चन्नागिदे." फार छान, फार छान. मागनं हलगेकर सरांच्या टाळ्या. बारा रोपं झाली तेव्हा कुणीतरी जेवण तयार असल्याचं सांगितलं आणि राहिलेली अठ्ठावीस वाचली.

"म्हसरं बरी," राजाबाई कोपऱ्यात पुटपुटली. "हाणली की भाईर तरी जात्यात."

तिसऱ्या दिवशी ठिपके दिसले. सुविधा पहिल्या रोपापाशी बसली आणि रडली. चांगली रडली, आवाज करून. दहाबारा दिवसांवर आलेली चाचणी गेली होती. नवी रोपं लावून वाढवायला एकतीस मार्चच्या आत दिवस नव्हते. साध्या ओळीतली पानंही आता चितकबरी होणार, हे तिला दिसत होतं. पाच वर्षं आणि एक काडेपेटी, आणि वाट लागली ती एका चिमटीनं.

राजाबाई शेजारी येऊन बसली. ती रडणाऱ्याला गप्प बस म्हणणाऱ्यातली नव्हती. ती नुसती पानाकडं बघत राहिली, आणि मग म्हणाली, "पोरी, ह्यो तर पंजा हाय."

"काय?"

"बग की. ही चार बोटं, ह्यो अंगठा. सायबाचा पंजाच उठलाय."

सुविधानं डोळे पुसले आणि बघितलं. खरंच होतं. ठिपक्यांचे चार पट्टे आणि बाजूला एक पुंजका. त्याच्याबाहेर एक ठिपका नाही. तिनं दुसरं रोप बघितलं, तिसरं बघितलं. बाराही रोपांवर पंजे. तेराव्यापासून पानं कोरी. ती हळूहळू उभी राहिली. तिचं रडणं कधी थांबलं ते तिलाही कळलं नाही.

चाचणी गेली नव्हती. चाचणी झाली होती, फक्त तिला न विचारता. खालच्या पानाला विषाणू लागलेली बारा रोपं आणि न लागलेली अठ्ठावीस, एकाच वाणाची, एकाच ओळीतली. कुठल्या रोपाला कुठल्या पानावर कधी लागला, याची नोंद कुठल्या शास्त्रज्ञानं ठेवली नसती इतकी चोख त्या फोटोग्राफरकडं होती. तो फोटोवर वेळसुद्धा टाकायचा. तिनं त्याला गाठून सगळे फोटो घेतले. तो म्हणाला, एवढे फोटो तर साहेबांनीबी मागितले न्हाईत.

सव्वीस जानेवारीला सगळे झेंड्याला गेले तेव्हा सुविधानं चाळीसही रोपांच्या वरच्या पानांना स्वतःच्या हातानं विषाणू लावला, मोजूनमापून, सगळ्यांना सारखा. तीन दिवसांनी अठ्ठावीस रोपांच्या वरच्या पानांवर मसुरीएवढे ठिपके, मोजता मोजता नाकी नऊ. साहेबांच्या बारा रोपांवर राईएवढे, आणि तेही बोटांवर मोजण्याइतके. सुविधानं परत मोजले. मग राजाबाईला मोजायला लावले. वर्दी पोचली होती, पार शेंड्यापर्यंत. शेजारच्या ओळीतलं साधं वाण तोवर पिवळंहिरवं होऊन आक्रसायला लागलं होतं.

तिनं अहवाल लिहिला आणि हलगेकर सरांच्या टेबलावर ठेवला. सरांनी पहिलं पान वाचलं. पहिलं पान ते नेहमी वाचायचे. आणि त्यांचा चेहरा साध्या वाणासारखा झाला.

"हे काय लिहिलंय? 'प्रमुख पाहुण्यांनी तंबाखू मळल्यावर हात न धुता पानं चोळली, त्यातून संसर्ग झाला'?"

"झालंय तसं, सर."

"साहेबांच्या हातानं रोग पसरला, असं कागदावर? आणि तंबाखू कुणाची, तर—"

"तुमची. तेही लिहिलंय, दुसऱ्या ओळीत."

"संसर्गाचं कारण अज्ञात. असं लिहा."

"अज्ञात लिहिलं तर या बारा रोपांना काही अर्थच राहत नाही, सर. कधी, कुठल्या पानाला, कशानं, हे सांगितल्याशिवाय पुढचं सगळं हवेत."

"मग राहू दे हवेत." सरांनी अहवाल बाजूला सरकवला. "प्लॉट रोगट आहे ना? रोगट प्लॉट उपटून जाळायचा, हा नियम आहे. आज सहाच्या आत सगळं मोकळं झालं पाहिजे. चाळीसच्या चाळीस. आणि बी सुद्धा इकडं जमा करा, उगाच रोग बाहेर नको."

पाच वर्षांत त्या माणसाला एकही नियम आठवला नव्हता, आणि आठवला तो हा.

सुविधा शेडनेटमध्ये आली. राजाबाईला आणि बायांना निरोप आधीच पोचला होता. वाईट निरोप त्या केंद्रात भारी वेगानं खाली यायचे. वर जायला मात्र वाटच नव्हती. जे काय असेल ते हलगेकर सरांच्या टेबलापर्यंत जायचं आणि तिथंच मरायचं. सुविधा बादली पालथी घालून तिच्यावर बसली. पंजा उठलेलं पान तिच्या समोरच होतं. तिनं मोबाईल काढला, अहवाल जोडला, बारा फोटो जोडले, आणि हलगेकर सरांना वगळून थेट बेंगळूरूच्या साहेबांना धाडून दिलं. भीती वाटत होती, चांगलीच. दारातल्या बाईचं काय होतं ते तिनं आईकडनं ऐकलं होतं.

"किती येळ पायजे तुला?" राजाबाईनं विचारलं.

"ठाऊक न्हाई."

"बरं," राजाबाई म्हणाली, आणि चौघी कामाला लागल्या. सुरुवात साध्या ओळीकडनं. एक रोप उपटायचं, मुळाची माती झाडायची, खड्ड्यात नेऊन टाकायचं, आणि मग हात धुवायचे, कोपरापर्यंत, साबण लावून, परत साबण लावून. मग दूध. दूध नसलं तर यल्लाप्पाकडं जाऊन आणायचं. मग पुढचं रोप. साडेचारला हलगेकर सर बघायला आले तर दहा रोपं झाली होती.

"हे काय चाललंय?"

"म्याडमचा नेम हाय, सायेब," राजाबाई हात घासत म्हणाली. "रोगाचं रोप हाय. आमी आडाणी मानसं. चुकून तुमच्या शेवंतीला लागलं म्हंजे?"

सर शेवंतीचं नाव ऐकून विचारात पडले, आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

सरांचं कन्नड सुरू झालं. आधी 'हौदु सर, हौदु सर', होय सर, होय सर. मग नुसतं ऐकणं. मग चेहऱ्यावर भीती, मग गोंधळ, आणि मग, हळूहळू, कारंजं चालू झाल्यासारखा आनंद. फोन ठेवून त्यांनी सुविधाकडं असं बघितलं, जणू तिला आजच नेमून घेतलीय.

"साहेब विचारतात, प्रयोगाला सुरुवात त्यांच्या हातानं झाली, हे खरं का?"

"फोटो आहेत, सर."

"त्यांच्या हातानं!" सर बायांकडं वळले. "अगं, ठेवा ती रोपं! उपटता काय! साहेबांच्या हातचा प्रयोग आहे तो! केवढी दूरदृष्टी!"

अहवालातला ठपका साहेबांना कळला नाही असं नाही. त्यांनी त्यात स्वतःचं नाव वाचलं, आणि त्यापुढं काही वाचायची गरज उरली नाही. प्रकल्प तीन वर्षांना मंजूर झाला. शोधनिबंधावर पहिलं नाव साहेबांचं, दुसरं हलगेकर सरांचं. सगळ्यात खाली, शेवटचं, सुविधाचं. तिनं अट एकच घातली, की काम कसं झालं ते जसं घडलं तसंच छापायचं, शब्द हलवायचा नाही. दोघांनी आनंदानं सह्या केल्या. त्यामुळं आज जगात कुणीही वाचू शकतो, की प्रमुख पाहुण्यांनी डॉ. हलगेकरांची तंबाखू मळून हात न धुता पानं चोळली. तिला नेमणूक मिळाली, प्रकल्पाच्या मुदतीपर्यंत. म्हणजे अर्थातच अकरा-अकरा महिन्यांची.

"तुजं नाव कुटं हाय?" लक्ष्मीबाईनं कागद उलटासुलटा करून विचारलं.

"हितं. खाली."

लक्ष्मीबाईनं त्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. "असू दे," ती म्हणाली. "घालवलं तर न्हाई ना तुला? मग झालं."

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती, पण केंद्र आपलं आहे. शेडनेटच्या दारात आता साहेबांचा पान चोळतानाचा फोटो लागलाय, चार फूट बाय तीन फूट. जो पाहुणा येतो तो फोटोपुढं उभा राहतो, भारावतो, आणि म्हणतो, मलाही तसाच पाहिजे. हलगेकर सर डबी काढतात. पाहुणे तंबाखू मळतात, थापा मारतात, आणि आत जाऊन पानं चोळतात. आता तीच तिथली पद्धत झालीय. एका पाहुण्यानं चुकून हात धुतले तर सर म्हणाले, छे छे, तसं फोटोत नाही.

सुविधानं भांडून बघितलं, दोन वेळा. मग तिनं भांडण सोडलं. पुढच्या दोन ओळी तिनं पाहुण्यांसाठी लावल्या, फोटोला येतील अशा. आणि शेडनेटच्या पाठच्या अंगाला पत्र्याचा आडोसा करून त्याला पत्र्याचंच एक दार बसवून घेतलं, आतनं कडी असलेलं. त्याच्यामागं सतरा नंबरची बियाण्याची रोपं, फुलांवर आलेली, हिरवीगार. त्या दाराची माहिती हलगेकर सरांना नाही. राजाबाईला आहे. पुढच्या दारात ती बसते, तण काढत.

परवा कुठलं तरी शिष्टमंडळ आलं. सुविधा मागं फुलोऱ्यांवर पिशव्या बांधत होती, परका पराग लागू नये म्हणून. पुढनं राजाबाईचा खोकला ऐकू आला. मग मधल्या ओळीतली अंबुबाई खोकली. मग पत्र्याच्या दाराजवळची जयाबाई. सुविधानं हातातली पिशवी खाली ठेवली आणि कडी लावली.

बाहेर थापांचा आवाज येत होता. राजाबाई परत एकदा खोकली. सुविधा कडीवर हात ठेवून, कान देऊन ऐकत उभी राहिली. खोटाच होता. तिनं श्वास सोडला आणि पुढची पिशवी बांधायला घेतली.